गुळणी धरणारे भाऊ

भाऊंना मोठ्यानं बोलताना मी एकदाच ऐकलं. एरवी चहा सांगायचा असो, भांडण असो, की खालच्या छापखान्याला ‘जरा मशीन बंद करा’ म्हणायचं असो, सगळं कुजबुजत. पण ती कुजबुज अशी की खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यालाही शब्द न् शब्द ऐकू यावा. झाडीपट्टीच्या नाटकांत वर्षानुवर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केल्यावर घशाचं असंच होत असावं. नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला जाता कामा नये, एवढ्याशा फटीत त्यांचा जन्म गेला होता.

आमचं ऑफिस चंद्रपुरात एका छापखान्याच्या वर होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. आम्ही मोबाईलची ॲप बनवायचो आणि त्यात माझं काम म्हणजे बोटांचं: स्क्रीनवर कुठं बोट ठेवायचं, कुठं सरकवायचं, किती वेळ दाबून धरायचं, आणि हे सगळं माणसाला न सांगता कसं कळेल ते ठरवायचं. वरोऱ्याला माझ्या आईला हे काम मी कधीच समजावू शकले नाही. ती शेजारणींना सांगायची, “पोरगी मोबाईल दुरुस्त करते.” मीही पुढं पुढं नाद सोडला.

भाऊ खालच्या छापखान्यात नाटकांची पोस्टरं जुळवायला येत. दिवाळी झाली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानाच्या पट्ट्यात गावोगावी मंडई भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. तेवढे महिने भाऊ विंगेत असत, उरलेलं वर्ष छापखान्यात. नाटकांच्या तारखा ठरवायचं एक ॲप आम्ही केलं होतं, तेव्हा आमच्या मालकानं शुद्धलेखन तपासायला म्हणून ते भाऊंच्या हातात दिलं. भाऊंनी शुद्धलेखनाकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

“नवीन तारखा कुठून येतेत?” त्यांनी मला विचारलं.

“वरून खाली ओढायचं, भाऊ. स्क्रीन खाली ओढली की येतात.”

“हे तुले कोणी सांगतलं?”

“कोणी सांगितलं म्हणजे? माहीतच असतं.”

“कोणाले?”

“सगळ्यांना.”

“सगळ्यांत मी येतो का नाई?” ते कुजबुजले. “मंग एक काम कर पोरी. मोबाईलसोबत तूबी खोक्यात बसून जा. गिऱ्हाइकानं खोकं उघडलं का सांगजो, बाप्पा, वरून खाली ओढा.”

मला असा काही राग आला की त्या दिवशी डब्यातली भाजी कसली होती तेही कळलं नाही. पुण्याहून शिकून आलेली मी, आणि हा पोस्टरं जुळवणारा माणूस मला खोक्यात बसवतोय. मालक मात्र हसून हसून लोळला आणि दुसऱ्या महिन्यापासून त्यानं भाऊंना वरच बसवलं. हुद्दा काय द्यायचा ते कोणालाच कळेना, म्हणून दिलाच नाही.

ते खुर्चीवर कधी बसले नाहीत. एक बुटकं स्टूल होतं, ते भिंतीला लावून त्यावर उकिडवे बसत, कारण विंगेत तशीच सवय. खिशात लाल कागद गुंडाळलेली बॅटरी असे. अंधारात वही वाचताना उजेड बाहेर जाऊ नये म्हणून प्रॉम्प्टर वापरतात तसली. आमच्या ट्यूबलाइटच्या लखलखाटातही ते ती बॅटरी स्क्रीनवर मारून पाहत. लाल उजेडातही जे बटण बटण वाटेल तेवढंच खरं, बाकीची नुसती रंगरंगोटी, असं त्यांचं मत होतं. यावरून आमचे रोज खटके उडत. मी म्हणे, लोक काही लाल बॅटरी लावून मोबाईल पाहत नाहीत. ते म्हणत, “थकलेला माणूस तसाच पाहते.”

एकदा एका यादीत बोट आडवं सरकवलं की पुढची चित्रं येतील अशी सोय मी केली होती. भाऊंनी पाहिलं आणि विचारलं, “पुढं काही आहे हे कसं समजते?” मी म्हटलं, सरकवून पाहतील. “काऊन पाह्यतील? पडदा पडला असं समजून घरी जातील.” मग त्यांनी शेवटचं चित्र कडेला अर्धं कापून ठेवायला लावलं. “विंगेतून पदर दिसला का पब्लिकले कळते, कोणीतरी येऊन राह्यलं.” तेव्हापासून आमच्या ऑफिसात अर्ध्या दिसणाऱ्या चित्राला ‘पदर’ म्हणत. पुढं नागपूरच्या एका मोठ्या कंपनीतल्या बैठकीत मी सवयीनं “इथं पदर द्या” म्हणाले आणि सगळे माझ्याकडं बघत राहिले.

सूचना देण्याबाबत तर ते फार कडक. ॲप उघडल्या उघडल्या ‘असं करा, तसं करा’ असे बाण दाखवायचा तेव्हा रिवाज होता. भाऊंना त्याचा तिटकारा. “नट आत्ता कुठं स्टेजवर आला, अन् तू त्याले अख्खा अंक सांगून राह्यली. चालत्या माणसाले शब्द देऊ नाई. थांबलेल्याले द्यावं. अन् तेबी पहिला शब्द, फक्त पहिला. पूर्ण वाक्य दिलं का नट नट राहत नाई, पोपट होते.” म्हणून आमच्या ॲपमध्ये बोट अडलं तरच काहीतरी हलायचं, तेही जरासं. आणि ज्याला एकदा जमलं त्याला पुन्हा काही दाखवायचं नाही, कारण पाठ असलेल्याला प्रॉम्प्ट केलं तर तो चिडतो.

गप्प बसलेल्या माणसाला आपण मिठाची गुळणी धरली म्हणतो. भाऊ खरोखरच धरत, फक्त साध्या पाण्याची. कोणालाही नवीन स्क्रीन वापरायला दिली की ते तांब्यातून तोंडभर पाणी घेत आणि गाल फुगवून स्टूलवर बसत. समोरचा चुको, अडो, मोबाईल उलटा धरो, तोंडात पाणी असल्यामुळं सांगायची सोयच नाही. जन्मभर दुसऱ्याला शब्द पुरवायची सवय, ती तोडायचा त्यांना हा एकच इलाज सापडला होता. “जीभ माह्यी ऐकत नाई,” ते म्हणत. “तिले कोंडून ठेवा लागते.”

त्यांची बायको, बाई, भाऊंच्याच नाटक कंपनीत नायिकेची कामं करायची. लग्नाच्या आधीची गोष्ट. नाटकात नवरा सोडून जातो आणि ती दारात उभी राहते, असा प्रसंग. बाई थांबली. फार वेळ थांबली. भाऊंना वाटलं, विसरली. त्यांनी वाक्य दिलं, ते तिनं घेतलं नाही, म्हणून आणखी जोरानं दिलं. ते पहिल्या रांगेला ऐकू गेलं आणि सगळा मंडप हसला. बाई विसरलीच नव्हती, ती मुद्दाम थांबली होती. पुढं कितीतरी दिवस तिनं यांच्याशी अबोला धरला. मग एक दिवस येऊन म्हणाली, यापुढं मी थांबले आणि हात मागं नेऊन पंजा उघडला तर तुम्ही गप्प राहायचं. बोटं हलवली तर शब्द द्यायचा.

“अन् मंग?” मी विचारलं.

“मंग काय. लग्न केलं तिनं. म्हणे, याले दूर ठेवण्यापेक्षा ताब्यात ठेवलेला बरा.”

ही गोष्ट त्यांनी सांगितली ती मी तीन बोटांनी स्क्रीन चिमटायची एक करामत दाखवत होते तेव्हा. त्यांनी हात पाठीमागं नेऊन पंजा उघडून दाखवला. “ही खूण पुऱ्या कंपनीनं उचलली. कोणालेच शिकवा नाई लागली. उघडा पंजा दिसला का माणूस थांबते. तुह्यी तीन बोटं पाहून मले काय समजायचं, चिमूटभर मीठ टाकू?” माझी करामत गेली कचऱ्यात.

मग बाईंना लकवा आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळत सगळं होतं, डोळे तेवढेच तेज होते, पण तोंडातून शब्द निघेना आणि अक्षरं लागेनात. त्या वर्षी दिवाळी झाली, मंडया भरल्या, आणि भाऊ पहिल्यांदाच हंगामाला गेले नाहीत. कंपनीवाले दोनदा येऊन गेले. बाईंची धाकटी बहीण ब्रह्मपुरीहून राहायला यायला तयार होती. भाऊंचं एकच उत्तर: “तिचं मलेच समजते. दुसऱ्याले नाई समजत.”

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा काय पाहिलं ते सांगते. बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी खिडकीकडं नजर वळवली. भाऊ लगेच, “पडदा लावू? ऊन लागते? पाणी? पंखा? उशी वर करू?” बाईंनी डाव्या हातानं खाटेवर एक थाप मारली. “बरं, चाय? पाय दुखते?” दुसरी थाप. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची मांजर पिलं घेऊन चालली होती, आणि मला वाटतं, बाईंना ती नुसती बघायची होती. ऑफिसात तोंडात पाणी धरून बसणारा माणूस घरी आल्यावर श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. बाईंच्या वाट्याचं बोलणंही तेच बोलत होते, आणि बाई आतल्या आत धुमसत होत्या. मला दोघांचीही कीव आली आणि भाऊंचा थोडा रागही.

बोलती पाटी करायचं मालकाच्या मनात आलं ते यातूनच. चित्रांची कार्डं असलेला एक टॅबलेट. कार्डं जुळवली की तो शब्द बोलतो. एका धर्मादाय दवाखान्यालाही तसलं काही हवं होतं. भाऊ लगेच तयार झाले, पण एका अटीवर. “बाईले कोणी काही शिकवायचं नाई. मीबी नाई, तूबी नाई.”

“का पण? एकदा दाखवलं की झालं.”

“म्या दाखवलं तं ती माह्यं ऐकून करल. मंग ते तिचं बोलणं नाई झालं, माह्यंच झालं.” आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, “तिले आपल्या मनचं बोलता आलं पायजे. मले न विचारता.”

आवाज कोणाचा, यावर वाद झाला. मालक म्हणाला, भाऊंचाच घ्या. भाऊंनी मान हलवली. जन्मभर तिच्या कानात माझा आवाज होता, आता तोंडात नको, म्हणाले. शेवटी माझा घेतला. मी ‘पाणी’ म्हटलं तर म्हणाले, “बातम्या देऊन राह्यली का? तहान लागल्यासारखं म्हण.” मग मी घरी वरोऱ्याला म्हणते तसं ‘पानी’ म्हटलं, तेव्हा कुठं पास झाले. ‘नको’ तर त्यांनी इतक्या वेळा म्हणून घेतलं की शेवटचा नको मी खरोखरच वैतागून म्हटला. तोच त्यांनी ठेवला.

पहिली पाटी दवाखान्यात नेली. दोन शब्द जोडायचे तर कार्ड दाबून धरायचं, अशी माझी रचना होती. गडचांदूरकडचा एक म्हातारा, चुनखडीच्या खाणीत काम केलेला, समोर बसला. वाचा गेलेली, हात मात्र ठणठणीत. त्यानं कार्ड दाबलं, काही झालं नाही. मग आणखी जोरात दाबलं. मग अंगठ्यानं असं रेटलं की टॅबलेट स्टँडवरून उडून मागच्या बादलीत पडला. वेळ लावून दाबायचं असतं हे त्याला कळायला मार्गच नव्हता, म्हणून तो जोर लावून दाबत होता. भाऊ गाल फुगवून लाल झाले होते. म्हाताऱ्याची बायको बराच वेळ त्यांच्याकडं पाहत होती. शेवटी पिशवीतून लवंग काढून तिनं त्यांच्यापुढं धरली. “दाढ दुखते का भाऊ? ही ठेवा दाढेखाली.” भाऊंनी ती मुकाट्यानं घेतली.

परत येताना बसमध्ये ते लवंग चघळत बसले होते. मी रडवेली झाले होते, कारण एवढे महिने खपून केलेलं काम बादलीत गेलं होतं. भाऊ एकदम म्हणाले, “पंगतीत रिकामा पाट दिसला तं तू काय करते?”

“बसते.”

“कोणी सांगा लागते?”

मग आम्ही पाटीच्या वरच्या बाजूला रिकामे पाट मांडले. कार्डाच्याच आकाराच्या तीन मोकळ्या जागा, कडेला बारीक रेघ. कार्ड उचलून पाटावर बसवायचं, सगळी बसली की पाटी बोलते, बसलेल्या एकाच कार्डावर टिचकी मारली तर तेवढाच शब्द. खाली कार्डांची ओळ, कडेला पदर. बोट बराच वेळ अडलं तर हाताखालचं कार्ड जरासं वर उचललं जायचं आणि परत बसायचं. तो आमचा पहिला शब्द. बस्स, एवढंच.

पाटी बाईंपुढं ठेवली त्या दिवशी दुपारी घरात आम्ही तिघंच होतो. भाऊंनी तांब्यातून तोंडभर पाणी घेतलं आणि स्टूल बाईंच्या मागं, जरा बाजूला ओढून बसले. विंगेतली त्यांची जागा. मी दाराशी. हे जमलं नाही तर भाऊ बाईंच्या वाट्याचं जन्मभर बोलत राहणार आणि बाई खाटेवर थापा मारत राहणार, हे मला दिसत होतं.

बाईंनी पाटीकडं पाहिलं. डाव्या हाताचं बोट एका कार्डावर ठेवलं, उचललं. पंख्याच्या कार्डावर ठेवलं, उचललं. मग नुसत्या पाहत राहिल्या. बोटाखालचं कार्ड किंचित हललं. त्यांनी भुवई वर केली, पुन्हा बोट ठेवलं आणि कार्ड हलेल तिकडं बोट जाऊ दिलं. कार्ड वर सरकलं आणि पाटावर जाऊन बसलं. त्यांनी ते परत खाली ओढलं. पुन्हा वर. लहान मुलानं दिव्याचं बटण सापडल्यावर करावं तसं चाललं होतं.

मग त्यांनी सगळी कार्डं बाजूला केली आणि शोधायला लागल्या. भाऊंचा फोटो असलेलं कार्ड पहिल्या पाटावर बसवलं. कडेचा पदर ओढला, आणखी ओढला. अगदी शेवटी भाऊंनी स्वतः हट्टानं टाकलेलं लाल पडद्याचं कार्ड होतं, तिला जुन्या दिवसांची आठवण काढायची झाली तर म्हणून. ते दुसऱ्या पाटावर. आणि मग बोट थांबलं. फार वेळ थांबलं.

भाऊंचा घसा हलला. पाणी गिळायच्या बेतात होते ते. मला दिसत होतं, त्यांना शब्द सुचला होता: आठवण, किंवा पाहायचं, किंवा रडू येतंय, कोण जाणे. बाईंनी पाटीवरून हात उचलला. एकच चालता हात, तो त्यांनी सावकाश पाठीमागं नेला आणि पंजा उघडला.

भाऊंनी पाणी तोंडातच ठेवलं. बाईंनी हात पुढं आणला, दोन पावलांचं चित्र शोधलं आणि तिसऱ्या पाटावर बसवलं. पाटी माझ्या आवाजात म्हणाली, “तुमी. नाटक. जा.”

भाऊंना गिळता येईना की थुंकता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तोंडात पाणी होतंच. ते उठून मोरीशी गेले, चूळ टाकली आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मग वळले आणि मोठ्यानं म्हणाले, खरोखर मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं, “मी नाई जात!”

“तुमी. नाटक. जा.”

“तुह्यं कोण पाह्यल? तुह्यी बहीण? तिले काय समजते तुह्यं?”

बाईंनी एक कार्ड शोधून बसवलं आणि त्यावर टिचकी मारली. “नको.” माझा तो वैतागलेला नको. मग पावलांवर टिचकी. “जा.”

कितीतरी महिन्यांनी त्या घरात नवरा-बायकोचं भांडण होत होतं, आणि बायकोचा आवाज माझा होता. मी दाराशी उभी राहून रडत होते आणि हसतही होते. भाऊ हरणार हे उघड होतं. ते बाईंपुढं कधी जिंकले होते?

पुढच्या दिवाळीनंतर ते हंगामाला गेले. बाईंची बहीण येऊन राहिली. गावोगावहून भाऊंचा फोन मलाच यायचा, कुजबुजत. “काय म्हणते ती?” मी म्हणायची, तिलाच विचारा, तिला बोलता येतं. मग मागं कुठंतरी पेटीचा सूर लागला की भाऊ फोन ठेवून द्यायचे.

त्या दिवसांत बहीण बाजारात गेली की मी दुपारी बाईंजवळ जाऊन बसायची. एकदा अशीच बसले होते. बाईंनी पाटी मांडीवर घेतली, एक कार्ड पाटावर बसवलं आणि त्यांचं बोट अडलं. मला ते कार्ड दिसत होतं, पाण्याचं. मी म्हटलं, “पाणी पाहिजे? देऊ? का गोळी घ्यायची…” बाईंचा हात पाठीमागं गेला आणि पंजा उघडला.

मी गप्प झाले. पण जीभ वळवळतच होती, म्हणून उशाशी ठेवलेला तांब्या उचलला आणि तोंडभर पाणी घेऊन बसले. बाईंनी माझ्या फुगलेल्या गालांकडं पाहिलं. अर्धा चेहरा हसला, जेवढा हसू शकत होता तेवढा. मग त्यांनी घाई न करता उरलेले दोन्ही पाट भरले.

“पानी. नको. चाय,” माझाच आवाज मला म्हणाला.

मी तोंडातलं पाणी गिळलं आणि चहा ठेवायला उठले.